अपप्रचार आणि उमेदवार



निवडणूक कशी जिंकावी, हे सांगण्यासाठी मी आज उभा राहिलेलो नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत. माझा विषय त्याहून लहान आहे. तुमच्या घरातील, तुमच्या वस्तीतील एखादा मनुष्य, एखादी भगिनी ग्रामपंचायतीला, पंचायत समितीला, नगरपरिषदेला किंवा विधानसभेला उमेदवार म्हणून उभी राहिली आणि तिच्याविषयी खोट्यानाट्या कंड्या पिकविण्यात आल्या, तर तिने काय करावे आणि तिच्या पाठीशी उभ्या असलेल्या तुम्ही काय करावे, एवढाच हा विषय आहे. तो लहान असला तरी त्यापायी कित्येक चांगली माणसे सार्वजनिक जीवनातून कायमची उठून गेली आहेत. काही चिडली आणि हातघाईवर आली, तर काही "माझे काम लोकांना ठाऊक आहे, मी कशाला बोलू?" असे म्हणून घरात बसली. नुकसान दोघांचेही झाले.

आरोप कानावर येताच आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो "कोण म्हणाला?" हा. वास्तविक पहिला प्रश्न "त्यात खरे किती?" हा असला पाहिजे. दीघ निकायातील पहिलेच सुत्त, ब्रह्मजाल सुत्त, याच प्रसंगातून निघालेले आहे. राजगृह ते नालंदा या वाटेवर सुप्रिय नावाचा परिव्राजक बुद्धाची, धम्माची आणि संघाची निंदा करीत चालला होता. भिक्षूंमध्ये त्याची चर्चा झाली. तेव्हा भगवंतांनी त्यांना सांगितले त्याचा आशय असा की, निंदा ऐकून तुम्ही रागावलात तर निंदा करणाऱ्याचे म्हणणे बरोबर आहे की चूक, हेच तुम्हाला कळेनासे होईल; जे असत्य आहे ते कोणत्या कारणाने असत्य आहे, हे मुद्देसूद उलगडून दाखवा. रागावू नका या उपदेशामागे दिलेले कारण किती व्यवहाराचे आहे ते पाहा. रागाने विचारशक्ती नष्ट होते आणि उत्तर चुकते. हे अडीच हजार वर्षांपूर्वीचे मार्गदर्शन निवडणुकीच्या धामधुमीतही जसेच्या तसे लागू पडते.

निव्वळ खोटे बोलणाऱ्याला उत्तर देणे त्या मानाने सोपे असते. कठीण असते ते अर्धसत्याला उत्तर देणे. कल्पना करा की, तुमचा उमेदवार पाच वर्षे ग्रामपंचायतीचा सदस्य होता आणि त्याच्या भावाला घरकुल मिळाले. पत्रक निघते, "याने घरच्यांचीच घरे भरली." भावाला घरकुल मिळाले हे खरे आहे. पण भावाचे नाव ग्रामसभेने मंजूर केलेल्या यादीत होते आणि ती यादी हा सदस्य निवडून येण्यापूर्वीची होती, हेही खरे आहे, आणि पत्रकाने नेमके तेवढेच गाळले आहे. येथे "हे सर्व खोटे आहे" असे ओरडणारा उमेदवार स्वतःच खोटा ठरतो, कारण गावाला घर दिसते आहे. त्याने म्हटले पाहिजे, "होय, भावाला घर मिळाले. ही ग्रामसभेची यादी, ही तिची तारीख, आणि ही माझ्या निवडीची तारीख." जेवढे खरे आहे तेवढे आधी मान्य केले म्हणजे उरलेले नाकारण्याचा अधिकार प्राप्त होतो.

आरोपाचा मोहरा आकड्यांचा असेल, तर आकडाच फोडून दाखवावा लागतो. या बाबतीत बाबासाहेबांसारखा गुरू नाही. अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व आम्हीच करतो, १९३७ च्या निवडणुकांनी ते सिद्ध झाले आहे, असा प्रचार काँग्रेसकडून देशात आणि परदेशात चालला होता. काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले, या प्रश्नावरील आपल्या १९४५ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी या दाव्यावर संतापाचे निखारे ओतले नाहीत असे मी म्हणणार नाही. ते त्यांनी भरपूर ओतले. परंतु त्याआधी त्यांनी कोष्टके मांडली. राखीव जागा १५१, त्यांपैकी काँग्रेसला मिळालेल्या ७८. आणि त्या ७८ मधील कितीजण अस्पृश्यांच्या मतांवर निवडून आले आणि कितीजण स्पृश्य हिंदूंच्या मतांवर, हा पुढचा प्रश्न त्यांनी प्रांतवार तपासला. वाचकाला त्यांचा संताप पटो वा न पटो, कोष्टक त्याच्या समोर राहतेच.

आता धर्मावरून केलेल्या हल्ल्याकडे वळतो. धर्मांतर करून आलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना हा हल्ला परका नाही. त्याला उत्तर देण्याचे जे सर्वांत अभ्यासण्याजोगे उदाहरण मला ठाऊक आहे ते अमेरिकेतील आहे.

त्या देशात तेव्हा प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांची बहुसंख्या होती. १९२८ साली आल्फ्रेड स्मिथ हे न्यूयॉर्कचे गव्हर्नर राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. ते कॅथलिक होते. आदल्याच वर्षी एका वकिलाने 'अटलांटिक मंथली' या मासिकात त्यांना अनावृत पत्र लिहून विचारले होते की, तुमची निष्ठा राज्यघटनेशी की पोपशी? स्मिथ यांनी त्याच मासिकात सविस्तर आणि सभ्य उत्तर दिले. पण मासिक वाचणारे किती आणि कुजबुज ऐकणारे किती! गावोगाव अशी आवई उठविली गेली की, न्यूयॉर्कमध्ये नदीखालून नव्याने काढलेला बोगदा थेट रोमपर्यंत नेण्यात येणार असून पोप त्यातून अमेरिकेत येणार आहे. आपल्याला हसू येते. पण ज्याने कधी बोगदा पाहिला नाही आणि ज्याला पोपची भीती दाखविण्यात आली आहे, त्याला हसू येत नाही. २० सप्टेंबर १९२८ रोजी ओक्लाहोमा सिटी येथे, विरोधी वातावरणात, स्मिथ यांनी या द्वेषप्रचारावर उघड भाषण केले. ते धैर्याचे होते यात शंका नाही. तथापि ते मोठ्या फरकाने पराभूत झाले. देशात भरभराट होती, सत्तारूढ पक्षाला त्याचा लाभ मिळाला. तेव्हा केवळ अपप्रचारामुळे ते हरले असे म्हणणे हेही एक अर्धसत्यच होईल. पण एक गोष्ट मात्र दिसते. हल्ला पत्रकांतून आणि ओट्यांवरून झाला, आणि पहिले उत्तर गेले ते सुशिक्षितांच्या मासिकात.

बत्तीस वर्षांनंतर, १९६० साली, जॉन केनेडी हे दुसरे कॅथलिक उमेदवार उभे राहिले. तोच आरोप, तेच शब्द. ७ सप्टेंबर रोजी वॉशिंग्टन येथे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक आणि पुढारी मिळून सुमारे १५० जणांची बैठक झाली आणि कॅथलिक राष्ट्राध्यक्ष रोमच्या दडपणापासून मुक्त राहू शकेल काय, अशी शंका जाहीर करण्यात आली. केनेडींनी काय केले? पाचच दिवसांनी, १२ सप्टेंबर रोजी, ते टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहरी गेले आणि ज्यांना ही शंका होती त्याच वर्गाच्या, म्हणजे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांच्या संघापुढे उभे राहिले. आपल्या अनुयायांच्या टाळ्यांत बोलणे त्यांना सहज शक्य होते. ते त्यांनी केले नाही.

त्या भाषणाची रचना ध्यानात घ्या. आरंभी त्यांनी सांगितले की, या निवडणुकीत याहून महत्त्वाचे प्रश्न आहेत, आणि उपाशी मुले, वैद्याचे बिल देऊ न शकणारे वृद्ध यांचा उल्लेख केला. म्हणजे लढाई कोणत्या मैदानावर आहे हे आधी सांगितले. नंतर मूळ प्रश्नाला सरळ उत्तर दिले: धर्मसंस्था आणि राज्यसंस्था यांची पूर्ण फारकत मला मान्य आहे, मी कॅथलिकांचा उमेदवार नसून माझ्या पक्षाचा उमेदवार आहे, आणि कॅथलिक असणे ही माझी वैयक्तिक बाब आहे. पुढे त्यांनी स्वतःवर एक बंधन घालून घेतले. सदसद्विवेक आणि राष्ट्रहित यांत निवड करण्याचा प्रसंग आलाच, तर मी पदाचा राजीनामा देईन, असे ते म्हणाले. त्याच श्वासात त्यांनी हेही स्पष्ट केले की, निवडणूक जिंकण्यासाठी मी माझा धर्म नाकारणार नाही. भाषण संपल्यावर त्यांनी श्रोत्यांचे प्रश्न घेतले, आणि ते प्रश्न गोडीचे नव्हते. श्रोत्यांना त्यांनी धर्मांध म्हटले नाही. या सभेचे चित्रण त्यांच्या पक्षाने पुढे अनेक राज्यांत दूरचित्रवाणीवर दाखविले. ज्या घरांत कुजबुज पोहोचली होती त्या घरांत उत्तरही पोहोचले. नोव्हेंबरात केनेडी निवडून आले. पावणेसात कोटींहून अधिक मतांत त्यांचे आधिक्य जेमतेम एक लाखाच्या थोडे वर होते. तेव्हा धर्माचा प्रश्न त्या एका भाषणाने मिटला असे समजू नका. तो मिटला नव्हता. त्याला तोंड दिले गेले होते.

उत्तराला उशीर झाला तर काय होते, हेही त्याच देशाने दाखविले. २००४ साली जॉन केरी हे व्हिएतनाम युद्धात शौर्यपदके मिळविलेले गृहस्थ उमेदवार होते. ऑगस्टच्या प्रारंभी एका गटाने त्यांच्या पदकांवरच शंका घेणारी जाहिरात दिली. ती केवळ तीन राज्यांत दाखविण्यात आली होती. पण वृत्तवाहिन्यांनी ती बातमी म्हणून देशभर फिरविली. केरी यांनी स्वतः तोंड उघडून जोरदार उत्तर दिले ते १९ ऑगस्ट रोजी. पदके नियमानुसारच दिली गेली होती, असा निर्वाळा नौदलाच्या तपासणी अधिकाऱ्यांनी सप्टेंबरात दिला. परंतु ज्या मतदाराने ऑगस्टचे दोन आठवडे शंका ऐकली आणि उत्तर ऐकले नाही, त्याने आपल्या मनात उत्तर स्वतःच तयार करून ठेवले होते. आणि येथे पुन्हा तीच सावधगिरी: केरी हरले त्याला इतरही कारणे होती.

आता आपल्या दाराशी येऊ. राखीव जागेवर उभ्या राहिलेल्या बौद्ध उमेदवाराला हमखास ऐकावे लागते, "बौद्ध झालात, मग जातीचा दाखला कशाला काढता? बौद्धाला राखीव जागेवर उभे राहताच येत नाही." या आरोपाला उत्तर देताना आपली पोरे एकदम उसळतात. उसळण्यापूर्वी इतिहास पाहा. एके काळी हे म्हणणे कायद्याने खरे होते. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत डॉ. डी. पी. मेश्राम हे नागपूरमधील राखीव मतदारसंघातून निवडून आले. पंजाबराव नावाच्या गृहस्थांनी त्यांच्या निवडीला आव्हान दिले. मेश्राम यांनी १९५७ मध्ये बौद्ध धम्म स्वीकारला असल्यामुळे ते अनुसूचित जातीचे उरले नाहीत, असा त्यांचा मुद्दा होता. उच्च न्यायालयात निकाल मेश्राम यांच्या बाजूने लागला, पण १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. धर्म जाहीरपणे स्वीकारल्याची घोषणा पुरेशी आहे, आणि त्या वेळच्या अनुसूचित जाती आदेशाप्रमाणे बौद्ध त्यात बसत नाहीत, असा तो निर्णय होता. धम्म स्वीकारला म्हणून हक्क गेला, अशी स्थिती पुढे पंचवीस वर्षांहून अधिक काळ राहिली. १९९० साली संसदेने अनुसूचित जाती आदेशात दुरुस्ती केली आणि हिंदू व शीख यांच्याबरोबर बौद्ध या शब्दाचा समावेश झाला.

तेव्हा या आरोपाचे उत्तर "तुम्ही जातीयवादी आहात" हे नव्हे. उत्तर असे: "१९६४ चा निर्णय १९९० पूर्वीच्या आदेशावर होता. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध व्यक्ती अनुसूचित जातीची असू शकते. हा माझा दाखला, हे माझे जातवैधता प्रमाणपत्र." बौद्ध असूनही जात का सांगता, या टोमण्यालाही उत्तर आहे. जात आम्ही मानतो म्हणून नव्हे, तर गावाने ती आमच्यावर लादली आणि तिचे परिणाम धर्मांतराच्या दिवशी सूर्यास्ताबरोबर संपले नाहीत म्हणून संसदेने हा हक्क दिला. हे शांतपणे आणि न लाजता सांगा. कागदपत्र मात्र उमेदवारी अर्जाच्या दिवशीच पूर्ण असू द्या. येथे ढिलाई झाली तर प्रतिपक्षाला अपप्रचार करण्याची गरजच उरत नाही.

भगिनींविषयी वेगळे बोलले पाहिजे. १९९३ मध्ये अमलात आलेल्या घटनादुरुस्तीने पंचायतींत एक-तृतीयांश जागा स्त्रियांकरिता राखीव झाल्या आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये ते प्रमाण निम्म्यावर नेले. तेव्हापासून चारित्र्यावरचा चिखल हे प्रतिपक्षाचे आवडते हत्यार झाले आहे. याला उत्तर देताना आपल्या उमेदवार भगिनीला चारित्र्याचा पुरावा देण्यासाठी पारावर उभी करू नका. पुरावा देऊ लागताच प्रश्न योग्य होता असे कबूल केल्यासारखे होते. तिने पाण्याच्या योजनेवर, शाळेच्या खोल्यांवर बोलत राहावे. चिखलाचे उत्तर वस्तीतील इतर स्त्रियांनी द्यावे. आणि घरातील पुरुषांनी, विशेषतः सासरा आणि दीर यांनी, तिच्या सभेला येऊन पुढच्या रांगेत बसावे. त्या बसण्याने पत्रकाच्या शंभर प्रती निकामी होतात.

या संदर्भात एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. १८८४ साली अमेरिकेत ग्रोव्हर क्लीव्हलँड या उमेदवारावर विवाहबाह्य अपत्याचा आरोप आला. काय उत्तर द्यावे असे मित्रांनी विचारता त्यांनी तार केली की, सत्य तेच सांगा. ते निवडूनही आले, आणि प्रामाणिक उत्तराचा हा नमुना म्हणून आजही सांगितला जातो. परंतु त्या मुलाची आई मारिया हॅल्पिन हिने त्याच वर्षी प्रतिज्ञापत्रावर बळजबरीचा आरोप केला होता, आणि पूर्वी तिला वेड्यांच्या आश्रमात नेऊन ठेवण्यात आले होते, हे सांगणारे थोडे. प्रचारात तिचीच बदनामी झाली. उमेदवाराचे उत्तर दुसऱ्याच्या अब्रूवर, त्यातही दुबळ्याच्या अब्रूवर उभे असेल, तर ते खपून गेले म्हणून खरे ठरत नाही.

कायदा काय करू शकतो, हेही माहीत असावे. लोकसभा आणि विधानसभा यांच्या निवडणुकांसाठी १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा आहे. त्याच्या कलम १२३, पोटकलम ४ प्रमाणे उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी अगर वर्तनाविषयी, किंवा त्याच्या उमेदवारीविषयी वा माघारीविषयी, खोटे विधान खोटे आहे हे जाणून अथवा खरे न मानता प्रसिद्ध करणे आणि त्यामुळे त्याच्या निवडीला बाध येईल असे करणे हा भ्रष्टाचार ठरतो. मात्र ते उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्याच्या अगर त्याच्या निवडणूक प्रतिनिधीच्या संमतीने दुसऱ्या कोणी केले असले पाहिजे. राजकीय कामावरची टीका, मग ती कितीही कडवट असो, यात येत नाही; ती यावी अशी आपण इच्छाही धरू नये, कारण उद्या टीका करण्याचा हक्क आपल्यालाच लागणार आहे. राजस्थानात १९६२ च्या निवडणुकीत कुमारानंद यांच्या सभेत एका कार्यकर्त्याने प्रतिस्पर्ध्याला चोरांचा शिरोमणी ठरविणारी कविता म्हटली. सभेचे अध्यक्ष स्वतः कुमारानंद होते. ही केवळ कविकल्पना नसून वैयक्तिक चारित्र्यावरचे विधान आहे असे ठरून त्यांची निवड रद्द झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. पण तो अंतिम निकाल लागेपर्यंत पुढची, म्हणजे १९६७ ची, निवडणूक दाराशी येऊन ठेपली होती.

यावरून कळेल की, निवडणूक याचिका हा निवडणुकीतील उत्तराचा पर्याय नव्हे. निकालानंतर ४५ दिवसांत ती उच्च न्यायालयात दाखल करावी लागते, आणि पुराव्याची अपेक्षा कडक असते. म्हणून पुरावा पहिल्या दिवसापासून जमवा. त्याच कायद्याच्या कलम १२७-अ प्रमाणे प्रत्येक पत्रकावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव आणि पत्ता असलाच पाहिजे. नाव नसेल तर ते पत्रक जपून ठेवा आणि लेखी तक्रार करून तक्रारीची पोच घ्या. हल्ली पत्रकाची जागा भ्रमणध्वनीने घेतली आहे. आलेला संदेश, पाठविणाऱ्याचा क्रमांक, तारीख व वेळ दिसेल अशी त्याची प्रतिमा घेऊन ठेवा. आणि कृपा करून "हे खोटे आहे" असे लिहून तोच संदेश दहा गटांत पुढे पाठवू नका. लोक चित्र पाहतात, वरची ओळ वाचत नाहीत. त्या खोट्याचा फुकटचा हरकाऱ्या तुम्हीच होता. आपले उत्तर स्वतंत्र लिहा. आरंभ खऱ्याने करा, आरोपाचा उल्लेख एकदाच करा, आणि कागद जोडा.

प्रत्येक शिंतोड्याला उत्तर द्यायचे काय? नाही. चार टवाळांपुरती राहिलेली गोष्ट तशीच राहू द्यावी. पण जी गोष्ट तुमचाच मतदार तुम्हाला खाली मान घालून विचारू लागला आहे, तिला त्याच दिवशी उत्तर गेले पाहिजे. आणि ते उमेदवाराच्या तोंडून, जेथे ती पसरली त्याच आळीत गेले पाहिजे.

राहता राहिली मतदानाची आदली रात्र. जाहीर प्रचार ४८ तास आधी बंद झालेला असतो, आणि खोट्याला हीच वेळ सोयीची असते. "तुमच्या उमेदवाराने पैसे घेऊन माघार घेतली" ही बातमी साधारणपणे रात्री दहानंतर निघते, कारण तेव्हा सभा घेऊन खुलासा करता येत नाही. यासाठी प्रत्येक वस्तीत दोन विश्वासू माणसे आधीच नेमून ठेवा, त्यांचे क्रमांक घरोघर देऊन ठेवा, आणि लोकांना चार दिवस अगोदरच सांगून ठेवा की अशी बातमी येईल. सकाळी मतदान सुरू होताच उमेदवाराने घरच्या मंडळींसह आपल्या केंद्रावर जाऊन पहिल्या रांगेत उभे राहावे. शंभर मीटरच्या आत त्याला कोणाकडे मत मागता येणार नाही, आणि मागण्याचे कारणही नाही. रात्री माघारीची बातमी ऐकलेला मतदार त्याच वाटेने येणार असतो, आणि तो त्याला रांगेत उभा असलेला पाहतो.